पेटीवाल्याची जागा

मैफल संपली की श्रोते व्यासपीठाकडे धावतात. गायकाभोवती गराडा पडतो, तबलजीचा हात कोणीतरी हातात घेतो, तानपुऱ्यांवर गवसण्या चढतात. पेटीवाला अजून बसलेलाच असतो. भात्यात उरलेली हवा तो हळूच बाहेर जाऊ देतो, भाता मिटून कडी अडकवतो, एकेक स्टॉप आत ढकलतो, पट्ट्यांवरून फडके फिरवतो, झाकण लावतो आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठतो. अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीत उत्सवात, मार्गशीर्षातल्या थंडीत शाल पांघरून बसलेल्या मी हे लहानपणापासून पाहिले आहे. घरात वडिलांची पेटी होती, म्हणून माझे लक्ष तिकडे असायचे. आणि दर वेळी एक गोष्ट खटकायची. तो उठेपर्यंत त्याच्याशी बोलायला कोणी उरलेले नसायचे.

हे पुस्तक त्या माणसाविषयी आहे. पेटीच्या, पायपेटीच्या पट्ट्यांवर आयुष्य घालवलेल्या आणि बहुतेक वेळ दुसऱ्याच्या गाण्यामागे राहिलेल्या वादकांविषयी. प्रस्तावना लिहायचे मी कबूल केले त्याचे पहिले कारण अंबड, आणि दुसरे कारण अप्पा जळगावकर.

अप्पा आमच्या जालन्याचे. मूळ नाव सखाराम. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, वसंतराव देशपांडे, जसराज अशा एकापेक्षा एक वेगळ्या गळ्यांना त्यांनी साथ केली, सन २००० साठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एका परिच्छेदात आयुष्य संपवायचे तर इतके पुरे. पण मला ज्या गोष्टीने धरून ठेवले ती या यादीत नाही. अप्पांची सुरुवात पेटीने झाली नाही. ते आधी ध्रुपद-धमार गायला शिकले. पेटी त्यांना कोणी समोर बसवून रीतसर शिकवली नाही. गळ्यात जे उतरले होते ते त्यांनी बोटांत नेले. मराठवाड्याच्या एका व्यापारी गावात, निजामाच्या राजवटीत, पेटीचा गुरू शोधून सापडला नसता, पण गाण्याची तालीम मिळत होती. जे मिळाले त्यातून त्यांनी आपला बाज घडवला. माझ्या मते अप्पांच्या साथीचे मर्म इथेच आहे, आणि पुढच्या पानांतही ते पुन्हापुन्हा दिसेल. पेटीवाला चांगला होतो तो गाणे कळल्याने. पट्ट्या नंतर.

साथ म्हणजे काय, हे एकदा नीट सांगायला हवे, कारण वर्षानुवर्षे मैफली ऐकणाऱ्यांनाही ते नेमके ठाऊक असतेच असे नाही. गायक पुढे काय गाणार हे पेटीवाल्याला माहीत नसते. लिहिलेले काही समोर नसते. राग, ताल, बंदिश ठाऊक असली तरी आलाप कुठे वळेल, तान कुठून उठेल, श्वास कुठे तुटेल हे त्या क्षणीच ठरते. गायकाच्या तोंडून सूर निघाला की त्याच्या मागोमाग, केसभर अंतराने, तो पेटीवर उमटायचा. अंतर जास्त पडले तर प्रतिध्वनी होतो, कमी पडले तर गायकाला रेटल्यासारखे वाटते. गायक दम घ्यायला थांबला की ती पोकळी भरायची, पण आपले शहाणपण त्यात घालायचे नाही. त्याने सोडलेल्या सुराला नुसता आधार द्यायचा, किंवा त्याच्याच मघाच्या ओळीचे शेपूट धरून ठेवायचे. आणि कधी कधी काहीच वाजवायचे नाही. कोमल स्वरांची नाजूक मींड चालू असताना हात उचलून गप्प बसणे ही पेटीवाल्याची सगळ्यांत अवघड कसोटी आहे.

गळ्यागणिक पट्टी बदलते. पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी तीनपासून काळी पाचपर्यंत. त्यामुळे यमन एकच असला तरी बोटांसाठी तो दर वेळी नवा असतो. काळी एकवरच्या यमनाला बोटे जशी पडतात तशी काळी चारवर पडत नाहीत. स्केल चेंजर असलेल्या पेट्यांत पट्ट्यांची फळीच सरकवता येते, तरी कसलेला वादक बाराही पट्ट्यांतून बोटे फिरवायला शिकतोच, कारण दुसऱ्या गावी कोणती पेटी पुढ्यात येईल याचा नेम नसतो. शिवाय हातपेटीला खऱ्या अर्थाने एकच हात असतो. दुसरा हात भात्यावर. पाच बोटांत सगळे बसवायचे, आणि भात्याच्या दाबातून श्वास आणायचा. माझे वडील म्हणायचे, पेटी डाव्या हाताने वाजते, उजवा हात फक्त सूर सांगतो. लहानपणी मला हे कोडे वाटे. नंतर अप्पांचे ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकले तेव्हा त्याचा अर्थ लागला. सूर सुरू होताना ठोकल्यासारखा येत नाही, फुंकर घातल्यासारखा येतो, आणि जाताना विझतो.

आमच्या घरातली पेटी कीर्तनातून आलेली. अंबड मत्स्योदरी देवीचे गाव. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देवी, नवरात्रात यात्रा, गावात अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली मंदिरे आणि बारव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज घनसावंगी तालुक्यात मोडते, पूर्वी ते अंबड तालुक्यातच होते. असल्या मुलखात भजन-कीर्तन हे संगीताचे पहिले दार असते. पेटीही त्याच दाराने घरात येते. उन्हाळ्यात लाकूड सुकून पेटी हवा सोडायची, वडील मेण आणि कातड्याचे तुकडे घेऊन बसायचे. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या. एखादा सूर बंद पडला की तो काढून, ब्लेडने त्याच्या जिभेवरची धूळ काढून परत बसवायचा. पितळेच्या त्या छोट्या जिभा गुजरातेत, पालिताण्यात तयार होतात, हे मला फार उशिरा कळले. शत्रुंजयाच्या डोंगराखालच्या त्या तीर्थक्षेत्री घडलेला सूर अंबडच्या कीर्तनात अभंगाला साथ करत होता.

पेटी मुळातली परदेशी, हे सगळ्यांना माहीत आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेंने १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवला. तो पायाने हवा भरायचा, खुर्चीवर बसून वाजवायचा बाजा होता. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या दिवाणखान्यांतून तो हिंदुस्थानात आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांच्या कारखान्यात त्याचे पाय काढले गेले, भाता पाठीमागे आला, आणि बैठकीत मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी तयार झाली. मला हा बदल लहान वाटत नाही. आपल्याकडे संगीत जमिनीवर बसून होते. खुर्चीवरचे वाद्य तिथे पाहुणे राहिले असते. जमिनीवर आल्यावर ते घरातले झाले.

मराठी रंगभूमीने मात्र पायपेटीही ठेवली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, संगीत नाटक हे महाराष्ट्राचे वेड होते. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या साथीला पुढे सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी मंडळी बसू लागली. ऑर्गनला दोन्ही हात मोकळे, पाय भात्यावर. उजव्या हाताने गाण्याची साथ आणि डाव्या हाताने खर्जातला भरणा. त्या भरण्यावर बालगंधर्वांचा आवाज उभा राहायचा. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मी हल्ली गाण्याबरोबर त्यामागचा तो भरणाही ऐकते. एकदा कान तिथे गेला की परत येत नाही. गोविंदराव टेंबे पेटीच्या प्रतिष्ठेची दुसरी बाजू दाखवतात. कोल्हापूरचे टेंबे भास्करबुवा बखल्यांकडे शिकले. १९११ च्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या, आणि पेटीच्या स्वतंत्र मैफली करून तिला साथीच्या बाहेरही एक जागा मिळवून दिली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त ते पडद्यावरही दिसले. पण टेंबे विरळा. बाकीचे सगळे विंगेजवळच्या कोपऱ्यात, प्रेक्षकांना अर्धे दिसतील न दिसतील असे, रात्रभर पाय हलवत बसले.

जालन्याला १९०० च्या सुमारास रेल्वे आली. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा तो मीटरगेज मार्ग. रेल्वे नसती तर पडदे, पेटारे आणि पायपेटी घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना निजामाच्या मुलखात शिरणे किती जड गेले असते याचा विचार करून पाहावा. पायपेटी म्हणजे एखाद्या लहान कपाटाएवढे सामान. ते चढवणारे, उतरवणारे, प्रवासात हललेले सूर परत लावणारे हात कुणाच्या आठवणींत येत नाहीत. संगीताच्या इतिहासात हमालांची नोंद नाही, म्हणून इथे एका ओळीत तरी ती करते.

इथे थोडे दूर जायचे आहे. याच पायपेटीच्या भावकीतले एक वाद्य अमेरिकेत वेगळ्याच वाटेने गेले. तिथेही ऑर्गन चर्चमध्ये होता. धर्मोपदेशकाचा मुलगा असलेला जॅझवादक फॅट्स वॉलर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लिंकन थिएटरात मूकपटांच्या वेळी ऑर्गन वाजवायचा, आणि तरुण काउंट बेसी त्याच्याजवळ बसून शिकला. १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन बाजारात आला. त्यात हवाही नाही, पितळी जिभाही नाहीत. नव्वदहून जास्त दातेरी चकत्या फिरतात आणि त्यांतून सूर निघतो. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चसाठी तो सोयीचा ठरला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी जो बाजा वाजायचा त्याच जातीचा बाजा शनिवारी रात्री क्लबात वाजू लागला. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचा जिमी स्मिथ आधी पियानो वाजवत होता. वाइल्ड बिल डेव्हिसचे ऑर्गनवादन ऐकून त्याने ऑर्गन धरला, गोदामासारख्या जागेत एकट्याने महिनोन्‌महिने सराव केला, आणि १९५६ पासून ब्लू नोट या कंपनीसाठी ध्वनिमुद्रिका करू लागला. २००५ मध्ये तो गेला. आज जॅझमध्ये ऑर्गन म्हटले की पहिले नाव त्याचेच निघते. त्याच्या तिघांच्या संचात तो, गिटारवाला आणि ड्रमवाला. खर्जाचे वाद्य वाजवायला चौथा माणूस नाही, कारण ते काम त्याचा डावा हात आणि पाय करायचे. उजव्या हाताने गायचे, आणि गिटारवाला पुढे आला की त्याची साथ करायची.

मी त्याची ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकली तेव्हा गंधर्वांच्या हरिभाऊंची आठवण झाली. दोन्ही ठिकाणी देवघरातले वाद्य रात्रीच्या रंगात आले, आणि ज्यांच्यासाठी ते बनवले नव्हते त्यांनी त्याला आपला स्वभाव दिला. पण साथीची रीत उलट आहे, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. जॅझमध्ये साथीदार एकल वादकाच्या पायाखाली स्वरसमूह अंथरत जातो. वाट तो आखतो, पुढचा त्यावर चालतो. आपल्याकडे वाट गायकाच्या मनात असते, आणि साथीदार अंधारात त्याच्या पावलांच्या आवाजावर चालतो. म्हणून जिमी स्मिथला साथ करता करता नायक होता आले. पेटीवाल्याला ते अवघड गेले. त्याच्या कलेचा पायाच मागे राहण्यात आहे.

या दोन वाटा एका ठिकाणी फार जवळ आल्या होत्या. ते ठिकाण गोवे. तिथल्या पॅरिश शाळांतून नोटेशन, व्हायोलिन, ऑर्गन शिकलेली ख्रिस्ती मुले मुंबईला आली, ताजसारख्या हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली, आणि पुढे त्यांनीच हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली नावे. त्याच गोव्यात फोंड्याजवळच्या बोरी गावी १९३४ मध्ये तुळशीदास बोरकर जन्मले. पहिले सूर त्यांना आईने दिले. पुण्यात छोटा गंधर्वांच्या नाटकांना त्यांनी ऑर्गनची साथ केली, आणि मुंबईत पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांच्याकडे शिकून ते महाराष्ट्रातले एक मोठे पेटीवादक आणि त्याहून मोठे शिक्षक झाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. त्यांचे शिष्य सुधीर नायक मुंबईत आणि केदार नाफडे अमेरिकेत वाजवतात. जिमी स्मिथच्या देशात आज मराठी घरांतल्या बैठकींत बोरकरांच्या परंपरेची पेटी ऐकू येते, ही गोष्ट मला सुखावते. गोविंदराव पटवर्धनांची वाट आणखी निराळी. नाट्यपदांवर त्यांचा असा हात होता की शब्द नसतानाही पदाचा अर्थ कळायचा. छोटा गंधर्वांपासून कुमार गंधर्वांपर्यंत कुणाच्याही मागे ते बसत, आणि जिथे बसत तिथे त्या गायकाचे होऊन जात. १९९६ मध्ये ते गेले.

आता अपमानाविषयी. तो सांगितल्याशिवाय या वादकांचे मोठेपण समजत नाही. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी पेटीवर कडक टीका केली. तिचे बारा सूर इंग्रजी पद्धतीने समान अंतरावर बसवलेले असतात, त्यात श्रुती नाहीत, मींड नाही. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नको होती. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. १९७१ मध्ये ती सैल होऊन साथीला मुभा मिळाली, तरी स्वतंत्र वादनाचे दार तेव्हाही उघडले नाही. तीन दशके या देशात गाण्याच्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत पेटी होती, आणि सरकारी रेडिओवर मात्र नव्हती.

टीकेतला मुद्दा खोटा नव्हता, हे मान्य करायला हवे. सप्तकाचे बाराशे भाग केले तर तानपुऱ्यातून झंकारणारा शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ वर बसतो. पेटीचा गांधार ४०० वर. चौदा भागांचा हा फरक कान असलेल्याला टोचतो. पंचम जवळजवळ जुळतो, फरक दोनच भागांचा. म्हणून जाणता पेटीवाला पंचमावर, षड्जावर विसावतो आणि गांधारावर रेंगाळत नाही. त्याला नुसता स्पर्श करतो, दोन पट्ट्यांमधून घसरत जातो, भाता ढिला सोडतो, कानाला मींडेचा भास देतो. कित्येक वादकांनी सूर घासून आपल्या कानाप्रमाणे लावून घेतले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटीच तयार केली. म्हणजे ज्या उणिवेसाठी पेटीला बाहेर काढले, ती उणीव या लोकांना टीकाकारांपेक्षा जास्त ठाऊक होती. रोज संध्याकाळी पाच बोटांनी ते तिच्याशी झुंजत होते. बंदी घालणाऱ्यांनी वाद्य तपासले, वादकाला ऐकले नाही. हा निवाडा मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

अप्पांचा तारुण्याचा काळ याच बंदीत गेला. रेडिओच्या मार्गाने नाव होण्याची वाट त्यांना बंद होती. नाव झाले ते मैफलीत, तोंडोतोंडी, एका गायकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. पेटीवाल्याला बोलावणे गायकाकडून येते, आणि गायक दुसऱ्यांदा बोलावतो तेव्हाच त्याची परीक्षा पूर्ण झालेली असते. किशोरीताईंचा आलाप आणि भीमसेनजींची तान यांत जमीन-अस्मानाचा फरक. एकीकडे सूर थेंबाथेंबाने वाढतो, तिथे पेटीने जागा कमीत कमी अडवायची. दुसरीकडे तीन सप्तकांतून विजेसारखी तान जाते, तिथे बोटांनी मागे राहून चालत नाही. ज्या हाताला दोन्ही जमते त्याने आपला बाज विसरण्याची साधना केलेली असते. अप्पांच्या साथीत मला सगळ्यांत जास्त भावतो तो त्यांचा समेवर येण्याचा क्षण. तिहाई संपून गायक समेवर येतो, टाळ्या पडतात. त्या कल्लोळात पेटीचा षड्ज शांत, स्थिर लागून राहिलेला असतो, पुढचे आवर्तन सुरू करायला गायकाला पाय टेकायला जागा असावी म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्याला तो ऐकू येत नाही. गायकाला येतो.

एक काम तर याहूनही निनावी, आणि अप्पांनी तेही आयुष्यभर मनापासून केले. ते म्हणजे लेहरा. तबल्याचे एकलवादन किंवा कथक चालू असताना पेटीवर एकच धून वाजत राहते. तीनतालाचा असेल तर सोळा मात्रांचा. तबलजी त्याच्या आजूबाजूने गणिताचे डोंगर रचतो. पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार. लेहऱ्याने बदलायचे नाही. तास-तास तीच सोळा मात्रांची ओळ, त्याच वजनात, लय एका दाण्यानेही न ढळता. तबलजीने मुद्दाम आडवळण घेतले आणि लेहरेवाला भांबावला तर सगळी इमारत कोसळते. हे यांत्रिक काम आहे असे म्हणणाऱ्यांनी दहा मिनिटे करून पाहावे. आज मोबाइलवर लेहऱ्याचे ॲप आहे, सरावाला ते चांगलेच आहे. पण जिवंत लेहरेवाला तबलजीचा चेहरा पाहतो, चक्रदाराच्या शेवटच्या धापर्यंत त्याच्याबरोबर श्वास रोखतो, आणि समेवर किंचित जोर देतो. त्या जोराने तबलजीचा उत्साह दुणावतो. ॲप श्वास रोखत नाही.

या वादकांविषयी लिहायला बसले की साधनांची अडचण लगेच जाणवते. कितीतरी जुन्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे नाव, रागाचे नाव, कंपनीचे नाव असते, साथीदारांचे नसते. मैफलींच्या जुन्या पत्रिकांत ‘साथीला नामवंत वादक’ एवढेच. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात शेवटची ओळ ठरलेली, अमुक यांनी तबल्यावर व तमुक यांनी पेटीवर समर्पक साथ केली. हा ‘समर्पक’ शब्द मी इतक्या वेळा वाचला आहे की त्याचा राग येतो. समर्पक म्हणजे काय केले? कुठे मागे राहिला, कुठे भरले, कुठे हात उचलला? ते कोणी लिहिले नाही, म्हणून या कलेचे शास्त्रही लिहिले गेले नाही. ते वादकांच्या बोटांत राहिले आणि त्यांच्याबरोबर गेले. जे उरले ते बोरकरांसारख्या शिक्षकांमुळे, ज्यांनी शिष्य तयार केले. आज सीमा शिरोडकर यांच्यासारख्या वादक मोठ्या गायकांच्या साथीला मोठ्या महोत्सवांत बसतात, तेव्हा मला अंबडच्या त्या मांडवातली माझ्या वयाची मुलगी आठवते, जिला पेटी घरी वाजवायची मुभा होती आणि मंचावर नव्हती. ती मुलगी मी नव्हे, माझी मैत्रीण. तिचा हात माझ्यापेक्षा फार चांगला होता.

पुढची पाने एका बैठकीत वाचून संपवू नयेत, असे मी सुचवते. एखादे प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे, आणि त्यातल्या वादकाचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे. पहिल्या वेळी गाणे ऐकावे, कारण ते ऐकल्यावाचून राहवणार नाही. दुसऱ्या वेळी गळा बाजूला ठेवून फक्त पेटी ऐकावी. तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र. गाणे पहिल्या वेळेपेक्षा मोठे झालेले आढळेल.

आणि अंबड, जालना, परभणी, छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना एक हात जोडून विनंती. आपल्या मराठवाड्यात दत्तजयंतीच्या, गणेशोत्सवाच्या, पुण्यतिथ्यांच्या कितीतरी मैफली लोकांनी टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवल्या आहेत. माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या मागच्या कप्प्यात त्या कॅसेट अजून पडून आहेत. फीत चिकटण्याआधी त्या बाहेर काढा, जाणत्या माणसाकडून त्यांची प्रत करून घ्या. त्या रात्री मांडवात बसलेले आई-वडील, काका, शेजारी यांच्यापैकी कोणी असेल तर त्यांना ऐकवा आणि विचारा. वरच्या कागदावर गायकाचे नाव असेलच. त्याच्याखाली पेनाने आणखी एक ओळ लिहा : पेटीवर कोण होते.